दुपारची आई

रविवार, ३ जानेवारी १९९९
आजपासून मी नायगावकर. पुतणी अश्लेषा आणि जावई सिद्धेश दोघंही स्टेशनवर घ्यायला आले होते. जावयाने माझी ट्रंक खांद्यावर घेतली, तेव्हाच मला तो आवडला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीतून मिठागरं दिसतात. शेजारच्या बर्थाबाई भुईगावच्या, येताक्षणी केळ्यांची फणी घेऊन आल्या. म्हणाल्या, काका, आमच्या वाडीतली आहेत, फोटो काढायला नाहीत, खायला आहेत.

नात उन्नती सहा वर्षांची, पहिलीत आहे. दिवाळीपासून सांभाळणारी बाई येत नाही, म्हणून मला देवरुखहून बोलावलं. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान तसंही माश्या मारत होतं. हे काम मला कुणी शिकवलं नाही, बिघडवून बिघडवून शिकलो. बिघाड लिहून काढला की सापडतो, ही जुनी सवय. दुकानाची वही बरोबर आणली आहे. इथे बिघाड कसला असणार म्हणा. आजचं पान आनंदाचं.

सोमवार, ४ जानेवारी
सकाळी पोर दात घासत होती, तेवढ्यात अश्लेषा चपला हातात घेऊन पसार झाली. सांगून गेलं की रडते म्हणे. आपल्यात उंबरठ्यावर ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. हिने तेही म्हटलं नाही. चोरसुद्धा एवढ्या हळू जात नाही.

दुपारी शाळेतून आल्यावर उन्नतीने स्वतःच टेपरेकॉर्डर लावला. आत अश्लेषाचा आवाज. ‘उन्नती, जेवलीस का?’ मग थोडी शांतता. पोरीने उत्तर द्यावं म्हणून जागा सोडलेली. ‘शहाणी गं माझी बाय. दार कुणाला उघडू नको. मी आलेच हं.’ पोर एकटी असायची तेव्हा सोबत म्हणून भरलेली कॅसेट. त्या कॅसेटशिवाय पोर घास गिळत नाही.

तिला विचारलं, हे कोण? म्हणाली, दुपारची आई.

गुरुवार, ७ जानेवारी
अश्लेषाला म्हटलं, बाय, रडली तर रडू दे, पण ‘येते’ सांगून जा. तिचं म्हणणं, काका, त्या रडण्यात दोन गाड्या सुटतात. सिद्धेश म्हणाला, होईल सवय. पालथ्या घड्यावर पाणी. सवय झालीच आहे, पण कसली, ते कोण बघतो?

दोघं वाईट नाहीत. हप्त्यांच्या मागे धावून दमतात. रात्री अश्लेषा पोरीला जवळ घ्यायला गेली की पोर पाठ फिरवून झोपते.

सोमवार, ११ जानेवारी
आज मी भाजी परतत होतो. कॅसेटने विचारलं, जेवलीस का? पोर म्हणाली, नाही, आजोबा करतायत. आणि आतून आवाज आला, ‘त्यांना सांग, कांदा जळतोय.’

कांदा जळत होता.

टेप उघडून बघितला. हेड साफ, पट्टा ठीक. कॅसेटच्या मागच्या दोन्ही खुट्या मोडलेल्या. पोरीने चुकून पुसू नये म्हणून सिद्धेशनेच मोडल्या होत्या. खुटी मोडलेल्या कॅसेटवर नवा शब्द भरता येत नाही. चाळीस वर्षं हेच काम केलं आहे मी.

संध्याकाळी अश्लेषाला ऐकवली. तेच जुनं वाक्य. ती हसली, म्हणाली, काका, दुकान बंद झालं ते मनाला लागलंय तुमच्या.

गुरुवार, १४ जानेवारी
संक्रांत. अश्लेषा तिळगूळ द्यायला अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. मी खाली दूध आणायला गेलो होतो. परत येतो तर ती जिन्यात रडत बसलेली. पोर आतून दार उघडेना. म्हणत होती, माझी आई घरात आहे, तू कोण?

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. तर उलट मलाच म्हणाली, असलं काहीबाही तुम्हीच शिकवता. माझ्या हाकेला पोरीने दार उघडलं. शेवटी अश्लेषा पोरीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, सोमवारी मी घरीच राहीन. दिवसभर. पोरीने विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की.

रविवार, १७ जानेवारी
बर्थाबाईंनी टोमणा मारला. तुमची अश्लेषा दुपारची घरीच असते, भिंतीतून आम्हाला ऐकू येते, गप्पा चालतात मायलेकींच्या. मग म्हाताऱ्याला कशाला आणलं?

कॅसेट खिशात घालून खाडीवर गेलो. फीत ओढून काढली, चिखलात फेकली. उद्या खरी आई घरात असणार. आता कॅसेटचं काय काम?

सोमवार, १८ जानेवारी, सकाळ
गेली. पोर दात घासत होती. ओट्यावर चिठ्ठी, साहेबांनी बोलावलंय, उन्नतीला समजवा. काय समजवू? मुलाला सांगितलेलं खोटं कुठे जात नाही, घरातच राहतं.

पोर रडली नाही. फक्त म्हणाली, ती येणार आहे.

दुपार
टेपचं बटण तिने दाबलं. आत कॅसेट नाही, विजेची पिनही मी काढलेली. ‘जेवलीस का?’

पोर म्हणाली, हो.

‘मी आलेच हं.’ आवाज टेपमधून नव्हता. जिन्यातून —

खालच्या दुकानातून बर्थाबाईंचा फोन. अश्लेषा जिन्यात भेटली, ओ दिली नाही, चपला हातात होत्या म्हणे —

एक वाजून दहा
कडी लावली. पाठ दाराला लावून खाली बसलो आहे, वही मांडीवर. बिघाड लिहिला की सापडतो. आजचा सापडत नाही.

फोन दारापर्यंत ओढून ऑफिसात लावला. अश्लेषानेच उचलला. म्हणजे ती तिथे आहे. मग दाराबाहेर —

म्हटलं, बाय, पाया पडतो, पोरीशी बोल. खरं सांग, आत्ता येत नाही म्हणून. ‘काका, साहेब समोर आहेत. तिला सांगा, मी आलेच.’

नको म्हणू तो शब्द, म्हणालो. नको —

बाहेरून तोच आवाज. ‘उन्नती, मी आले.’

‘आलेच’ नव्हे. ‘आले’.

पोरीच्या कानाला रिसीव्हर लावला, बघ, आई इथे आहे, बोल. तिने ऐकलं. ठेवून दिला. म्हणाली, ‘आजोबा, ही नुसती आलेच म्हणते. ती आली.’

कडी काढायला पोर स्टूल ओढत आणते आहे. हसते आहे. मी आल्यापासून पहिल्यांदा हसते आहे. मी हलणार नाही दारातून, हात धरून ठेवला आहे तिचा, पण डोक्यावर कडी आपोआप सर —