गळ्यातली कार्डं

३ मे, शनिवार. विमानात

रागाने अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

तीन महिने आधी कळवलं होतं मी! दोनदा फोन, चारदा मेल. दोन मुलं आहेत, दोघांनाही शेंगदाणे आणि यच्चयावत सुकामेव्याची अ‍ॅलर्जी आहे, कण पोटात गेला तरी घसा सुजतो, कृपा करून विमानात दाणे वाटू नका. "हो मॅडम, नोंद केलीये मॅडम." आणि आज, विमान वर चढून अर्धा तास होत नाही तोच ढकलगाडी आली — खारे दाणे! प्रत्येकाच्या हातात एकेक पुडी! मी म्हटलं, अहो, ती नोंद? हवाई सुंदरी म्हणते, "आमच्याकडे तसं काही आलेलं नाही. पण तुमच्या मुलांना नाही देत ना आम्ही." म्हणजे उपकारच की!

मग मी उभी राहिले आणि पुढच्या-मागच्या पाच रांगांना ऐकू जाईल असं सांगितलं. बहुतेकांनी पुड्या गपचूप खिशात टाकल्या. पलीकडच्या रांगेतला एक गृहस्थ मात्र कानात गाण्यांची ती बोंडं खुपसून एकेक दाणा वर उडवून तोंडात झेलत होता. झेलत! दोन चुकले, एक आमच्या बाजूला घरंगळला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या हातातली पुडी काढून घेतली सरळ.

नवरा म्हणतो, "बस ना गं. लोक बघताहेत." बघू देत. लोकांनी बघावं म्हणूनच उभी राहिले होते.

आमचा धाकटा, बोका, खूश. "आई, काकांची पुडी आता आपली?" पाच वर्षांच्या माणसाला काय समजावणार. थोरलीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं ते जेवण आलं तरी काढलं नाही. भूक नाही म्हणे.

कारखान्यात माझ्या सहीशिवाय औषधाचं एक खोकं दाराबाहेर पडत नाही. तक्रार आली की वहीत तीन रकाने — काय झालं, कधी झालं, चूक कुणाची. या सहलीतही तसंच लिहिणार आहे. चूक कुणाची: विमान कंपनीची. त्या झेलणाऱ्याची. आणि थोडी नवऱ्याची. जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे! काय काय जाऊ देऊ?

४ मे, रविवार

पोचलो. खोली बरी आहे. टेबल, दारांच्या मुठी, टीव्हीचा रिमोट — सगळं पुसून काढलं. सासूबाई पलंगावर बसून पाय वर घेऊन बघत होत्या. "दाणे काय रिमोटवर उगवतात का गं?" मी रिमोट पुन्हा एकदा पुसला. ही सगळी त्यांची हौस. गुडघे चालताहेत तोवर एकदा परदेश बघू दे म्हणाल्या, नातवंडं बरोबर हवीत म्हणाल्या. माझं कुणी विचारलं का? मला घरातलं स्वयंपाकघर बरं. तिथे प्रत्येक डबा माझ्या हाताखालून गेलेला असतो.

मुलांच्या गळ्यात कार्डं घातली. इथल्या भाषेत लिहून घेतलीत, वर प्लास्टिक चढवून. "मला दाणे आणि सुकामेवा चालत नाही. एक कणही नाही. मी मरू शकतो." बोका ज्याला-त्याला कार्ड दाखवत सुटलाय — दरवान, लिफ्टमधली आजीबाई, खाली बांधलेलं कुत्रं. थोरली कार्ड सारखं सदऱ्याच्या आत सारते. मी बाहेर काढते, ती आत सारते. नऊ वर्षांची झाली, आता लाज वाटायला लागली. लाज वाटून घेण्याची चैन आपल्याला परवडत नाही, हे कळेल कधी?

घसा सुजलाच तर टोचायची इंजेक्शनची पेनं चार. दोन माझ्याकडे, दोन नवऱ्याकडे. त्याला तीनदा विचारलं, आहेत ना? तिसऱ्यांदा म्हणाला, "चौथ्यांदा विचारलंस तर स्वतःलाच टोचून घेईन." विनोद करतोय!

५ मे, सोमवार

नाश्त्याच्या खोलीत वाढणारी एक मुलगी आहे. लांब वेणी, विशीची असेल. कार्ड नीट वाचलं तिने, बोट फिरवत. मुलांसाठी वेगळा चमचा, वेगळी बशी आणली. पहिलं माणूस, ज्याने दोनदा सांगायला लावलं नाही. थोरलीच्या कागदी रुमालावर मांजर काढून दिलं. थोरलीने दोन अंडी खाल्ली, तीन ब्रेड खाल्ले. विमानात बसल्यापासूनचं पहिलं धड जेवण.

नवरा म्हणाला, "बघ. सगळं जग काही आपल्या मुलांच्या जिवावर उठलेलं नाही." ह्याला काय जातंय बोलायला.

६ मे, मंगळवार

मला माहीतच होतं! एक दिवस कौतुक केलं नाही तोच!

थोरली फळं खात होती. मध्येच म्हणाली, "आई, जीभ चुरचुरतेय." बशी हिसकून घेतली मी. तोंड उघडायला लावलं, ओठ बघितले, घड्याळ लावलं, पेन हातात घेतलं. आणि वेणीवालीला बोलावलं. काय घातलंस? कोणत्या सुरीने चिरलंस? ती गोंधळली. तिला माझी भाषा कळली नसेल, आवाज तर कळला. अख्खी खोली काटे-चमचे खाली ठेवून बघत होती. व्यवस्थापक धावत आला. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, ही मुलगी माझ्या मुलीला मारणार होती. फोनमध्ये बोलले, फोनने त्यांच्या भाषेत ठणकावून सांगितलं. फोनला काय, तो शब्द गिळत नाही. वेणीवाली रडायला लागली.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पुरळ नाही, सूज नाही, काही नाही. सासूबाईंनी बशीतली एक फोड उचलून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अननस आहे. माझीपण जीभ चुरचुरतेय. अननसाने चुरचुरतेच."

ठीक आहे. अननस तर अननस. पण नसता तर? मी माफी मागावी असं नवऱ्याचं म्हणणं. का? मी दक्ष राहिले याची? कारखान्यात दहा खोटे भोंगे वाजले तरी चालतात, एक खरा चुकलेला चालत नाही.

चूक कुणाची: कुणाचीच नाही, असं लिहायला हवं. लिहिलं.

७ मे, बुधवार

वेणीवाली आज नाही. तिच्या जागी एक जाडे गृहस्थ. थोरलीने मला विचारलं, "ती ताई कुठे गेली?" मी म्हटलं, असेल सुट्टी. बोक्याने सरळ जाड्या गृहस्थालाच विचारलं, हातवारे करून, पाठीवर वेणी काढून दाखवून. त्याने आमच्या टेबलाकडे पाहिलं, मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं.

थोरलीने दूधही घेतलं नाही. आता हिचं उपोषण कोणाविरुद्ध?

८ मे, गुरुवार

पेन वापरावं लागलं. थोरली. आता श्वास नीट आहे. दवाखान्यात आहोत. उद्या लिहीन.

९ मे, शुक्रवार

लिहायलाच हवं, नाहीतर फुटेन मी.

काल दुपारी समुद्रकाठच्या बागेत गेलो. तिथे आइस्क्रीमची टपरी. टपरीवाला म्हातारा, टोपी घातलेला. त्याने दोघांचीही कार्डं वाचली, हात धुतले, नवा डबा उघडला, खणातून धुतलेला चमचा काढला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच बोक्याला शू! नवरा फोटो काढत कुठल्या तरी पुतळ्याच्या मागे. मी बोक्याला घेऊन गेले. थोरली सासूबाईंजवळ. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं!

परत आले तर थोरली बाकावर बसलेली, कप रिकामा. विचारलं, सगळं ठीक? म्हणाली, "हो." तोंड समुद्राकडे. मला वाटलं, रुसवा चालू आहे. मी बोक्याचे बूट पुसत बसले. बूट! किती वेळ गेला कोण जाणे. मग ती खोकली. पुन्हा खोकली. तोंड वळवून बघते तर ओठ जाडे, मानेवर लाल गांधी उठलेल्या, आवाज कुणीतरी घशातून ओढून घेतल्यासारखा.

पेन मांडीत. दहापर्यंत मोजलं. मोजताना चार विसरले. बोक्याने सांगितलं, "आई, चार राहिले."

रुग्णवाहिका लवकर आली, तेवढं खरं. डॉक्टर तरुण बाई, शांत. म्हणाल्या, वेळेत टोचलंत, पण आणखी थांबला असता तर. आणि घड्याळाकडे बघितलं.

आणि तिथे, त्या खोलीबाहेर, सासूबाई मला म्हणतात — "मघाशीच म्हणाली होती ती मला, तोंडाला खाज येतेय. मी म्हटलं थांब थोडं, उन्हाने होत असेल. माझंच चुकलं."

माझंच चुकलं!! इतक्या सहज! सहा वर्षं कंठशोष करतेय. तोंडाला खाज म्हणजे काय, ओठ सुजले म्हणजे काय, सगळं लिहून फ्रिजवर लावलंय. आणि ह्यांना वाटलं ऊन! मी काय काय बोलले, सगळं आठवत नाही. एवढं आठवतं — "आई, आजपासून माझी मुलं तुमच्या भरवशावर एक मिनिट सोडणार नाही मी. घरीसुद्धा नाही." त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई! नवऱ्याने माझा दंड धरला, मी झटकला. थोरली आतून काचेतून बघत होती. तोंडावर तो वाफेचा मुखवटा. बघू दे. आई कुणासाठी भांडते ते कळू दे.

आज सकाळी टपरीवाल्याकडे गेले. एकटीच. त्याने दाखवलं, कसं वाढलं ते. नवा डबा, धुतलेला चमचा — आणि दुसऱ्यांदा वाढण्याआधी सवयीने तो चमचा बुडवला पाण्याच्या भांड्यात. त्याच पाण्यात अक्रोडाच्या आइस्क्रीमचा चमचा. त्याला सांगताना स्वतःलाच कळलं बहुतेक. टोपी काढून हातात घेतली त्याने. काहीतरी म्हणत होता, भाषांतर करून बघितलं नाही मी. बागेच्या कार्यालयात जाऊन चार पानी तक्रार दिली. तारीख, वेळ, सही.

चूक कुणाची: टपरीवाल्याची. पण त्याच्याहून जास्त सासूबाईंची. तो परका होता.

१० मे, शनिवार

टपरी बंद! दाराला सरकारी कागद चिकटवलाय. बसच्या खिडकीतून मी एकटीनेच पाहिलं. बरंच झालं. एकदा तरी कुणीतरी माझं ऐकलं.

सासूबाई दोन दिवस खोलीतच. गुडघे दुखताहेत म्हणतात. नवरा त्यांच्यासाठी सूप घेऊन जातो आणि तिथेच बसून राहतो. माझ्याशी कामापुरतं. "पेनं आहेत." "बॅग भरलीये." मी काय चुकीचं केलं? पोरगी जिवंत आहे ना?

बोक्याने आपलं कार्ड आजीच्या गळ्यात घातलंय. आजीला आता सगळं चालत नाही म्हणे.

११ मे, रविवार

आज निघायचं. थोरलीचे केस विंचरत होते. कार्ड पुन्हा सदऱ्याच्या आत. मी बाहेर काढलं नाही. का कोण जाणे. नुसतं विचारलं, त्या दिवशी बाकावर कशाला "हो" म्हणालीस?

तिने कार्डाची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग आरशातच बघत बोलली.

"आजीला नको रागावू. मी तिला काही सांगितलंच नव्हतं. तू बूट पुसत होतीस तेव्हा तिनेच माझे ओठ बघितले. ती उठून तुला हाक मारणार होती. मीच तिचा हात घट्ट धरून ठेवला. मग मला खोकला आला. दवाखान्यात आजीच म्हणाली, मी सांगते माझं चुकलं म्हणून. मग आई तुला नाही ओरडणार."

मी म्हटलं, पण मला का नाही सांगितलंस गं? मला?

"तू त्या काकांनापण ओरडली असतीस. मग त्या ताईसारखे तेपण गेले असते. त्यांनी मला एक चमचा जास्त दिला होता."

कंगवा तसाच हातात.

"ते काका आहेत ना आई अजून तिथे?"

मी म्हटलं, "हो."