ताजं कुणाला, शिळं कुणाला

सोम., ३ नोव्हें.
चाकण. सकाळपासून एकच विषय. शनिवारी डिस्पॅचच्या शाहीनने होल्डवरची बॅच गाडीत भरली. ब्रेकचे ब्रॅकेट. क्वालिटीने आधीच होल्ड टाकला होता, म्हणजे पाठवायचं नाही, तरी माल गेला. गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. शाहीनचं एकच, "माझ्या स्क्रीनवर हिरवं होतं, मॅडम." यावर सगळे हसले. चौकशी होईपर्यंत तिचं गेट कार्ड बंद. कंत्राटी आहे, म्हणजे कार्ड बंद तर पगार बंद.
डेटाबेस माझ्याकडे, म्हणून आमच्या विभागाच्या सरांनी मला नोंदी काढायला सांगितल्या. काढल्या. होल्ड आधी, डिस्पॅच नंतर. म्हणजे चूक तिचीच.
डबा तसाच परत आला. भेंडी होती, फार वाईट वाटलं नाही.

मंगळ., ४
कंपनीच्या बसमध्ये डोक्यात आलं. नोंदी मी मुख्य सर्व्हरवर पाहिल्या. शाहीनची स्क्रीन तिथून वाचतच नाही!
लिहिणं सगळ्यांचं मुख्य सर्व्हरवर. तिथून ते दोन प्रतींवर, म्हणजे त्याची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरांवर उतरतं, आणि बरेचजण वाचतात प्रतींवरून. डिस्पॅचही. शिफ्ट सुटताना सगळे सुपरवायझर एकदम रिपोर्ट काढतात, तेही त्याच प्रतीवर. मग ती मागे पडते, जुनंच दाखवत राहते. शनिवारची गाडी भरली ती शिफ्ट सुटतानाच.
डिस्पॅच पूर्वी मुख्य सर्व्हरवर होतं. दिवाळीआधी मोठे साहेब (यापुढे मो.सा.) म्हणाले, केबिनच्या भिंतीवरचा माझा डॅशबोर्ड ताज्या आकड्यांवरच हवा. तो डॅशबोर्ड सारखा बेरजा मागतो. त्याला जागा करायला डिस्पॅच प्रतीवर ढकललं. मी नको म्हटलं होतं. तोंडीच. तोंडी म्हटलेलं कोण लक्षात ठेवतो.

बुध., ५
शिफ्ट सुटताना करून पाहिलं. क्वालिटीच्या मुलीने एका खोट्या बॅचवर होल्ड टाकला, मी डिस्पॅचच्या स्क्रीनसमोर उभी. हिरवं. हिरवंच. चहा आला, पिऊन झाला, तरी हिरवं. मग लाल.
शाहीन खरं बोलत होती. आम्ही हसलो होतो. मीसुद्धा.
सरांना दाखवलं. म्हणाले, "खरंय. पण डिस्पॅच परत आणायचं तर मो.सां.चा डॅशबोर्ड हलवावा लागेल. त्यांना विचारावं लागेल."
"विचारू या की."
"तू विचारतेस?"
मग दोघंही आपापल्या स्क्रीनकडे वळलो.

गुरु., ६
प्लँटला सुट्टी. वडिलांना, अप्पांना, चपला घ्यायला पिंपरी कॅम्पात. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये झाली, कंपनीच्या गोष्टी आवडीने ऐकतात.
"म्हंजे ताजी भाकर सायबाला, आन् जिला गाडी भरायची तिला शिळी?"
"तसंच काहीसं."
"सायब काय करतो त्या आकड्याचं?"
"बघतात."
"मग बघू दे की शिळा." आणि दुकानदाराशी घासाघीस सुरू. अप्पांना सगळं सोपं वाटतं.
संध्याकाळी रहाटणीला घरी परत. लॅपटॉप उघडला. डिस्पॅच मुख्य सर्व्हरवर, मो.सां.चा डॅशबोर्ड प्रतीवर. दोन ओळींचं काम. कुणाला विचारलं नाही. भीती वाटली, अजूनही वाटतेय. जेवताना अप्पांना बोलले नाही.

शुक्र., ७
मो.सा. बोलावतील म्हणून दिवसभर कान दाराकडे. दुपारी केबिनमध्ये मीटिंगला बोलावलं. भिंतीवरच्या आकड्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा, लाइव्ह!" आकडा चहाच्या आधीचा होता.
मी वहीत मान घातली.

सोम., १०
शाहीनचा फोन. "घरी सांगितलंच नाही मी, मॅडम. रोज डबा घेऊन निघते, बहिणीकडं जाऊन बसते. सासू विचारते, ओव्हरटाइम नाही का हल्ली?"
म्हटलं, बुधवारी चौकशी आहे, मी बोलेन. फोन ठेवल्यावर चीड आली. कुणाची ते नीट कळलं नाही. सगळ्यांचीच.

बुध., १२
चौकशी. मो.सा., सर, एचआर, मी. शाहीनला बोलावलंच नव्हतं. कोणती स्क्रीन कुठून वाचते ते फळ्यावर काढून दाखवलं.
मो.सा. म्हणाले, "म्हणजे आता माझा डॅशबोर्ड हलवा म्हणणार. मला शिळे आकडे चालत नाहीत. एका मिनिटात ओळखेन मी."
म्हटलं, "साहेब, गुरुवारपासून तुमचा डॅशबोर्ड प्रतीवरच आहे."
सर टेबलाकडे बघत बसले.
"कुणाला विचारून?"
"कुणालाच नाही."
बाहेर आल्यावर सर म्हणाले, "नोकरी घालवशील." लिफ्टपाशी हळूच, "बरं केलंस." लिफ्टमध्ये आणखी माणसं होती, मग पावसापाण्याच्या गप्पा.

शुक्र., १४
मला मेमो. परवानगीशिवाय बदल केला, खुलासा द्या. बरोबरच आहे, परवानगी नव्हती. बदल मात्र कुणी उलटा फिरवलेला नाही.
शाहीनबद्दल एचआर तोंडी म्हणाले, तिची चूक नाही, सोमवारपासून येऊ दे. तिला लगेच फोन केला. ती रडली. मग विचारलं, "लेखी काही?" म्हटलं, येईल.

मंगळ., १८
शाहीन काल गेटवरून परत गेली. आज पुन्हा आली. कार्ड लावलं की लाल दिवा. रखवालदार म्हणाला, "नाव बंद दाखवतंय मॅडम, मी काय करणार?" बाईला उन्हात उभं ठेवलं होतं. हातात डबा.
एचआरला फोन केला. "अहो, आम्ही कधीच चालू केलंय. तुम्हीच सांगितलंत ना, स्क्रीनवर यायला वेळ लागतो म्हणून?"
शिकले म्हणायचे. हसूसुद्धा आलं.
शाहीनला म्हटलं, थांब जरा, बघते. गेटही आमच्याच डेटाबेसवर आहे. वर आले. मुख्य सर्व्हरवर, जिथे एचआरही लिहितं, तिचं नाव शोधलं.
तिथेही बंदच आहे.