जागा क्रमांक सातचे बेडूक

५ मार्च, गुरुवार
आज लॅबची मुलगी आली. अणुवीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्या प्राण्यांना, झाडांना रेडिएशन किती मिळतं आणि त्यानं त्यांना काही होतं का, हे तपासायचं तिचं काम. माणसांचं मोजायला वेगळे लोक आहेत, म्हणाली, बेडकाला कोणी विचारत नाही. मी म्हटलं, खरं आहे.
आमच्या परसातला हौद तिला पसंत पडला. हौद ह्यांनी बांधलेला. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, हौद अजून थेंबभर गळत नाही. काठाला, बेडूक बसतो त्या उंचीवर, तिनं जाळीची एक पेटी ठोकली. आत आगपेटीएवढा बॅज. महिनाभर तो तिथं राहणार, मग लॅबमध्ये नेऊन त्यात किती रेडिएशन साठलं ते वाचणार. मी रोज सकाळी फक्त बेडूक मोजायचे. ती दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येणार. अशा बारा जागा आहेत. आमची सातवी.
संकल्प: एक, मोजणी एकही दिवस चुकवायची नाही. दोन, मुलगी आली की कामापुरतंच बोलायचं. शिकलेल्या माणसांचा वेळ खाऊ नये.

६ मार्च, शुक्रवार, सकाळी ६.४०
बेडूक जमा: नऊ. बॅज सुखरूप. काल दिवेलागणीला पेटीतून काढून आत आणला आणि देवापुढे ठेवला. सरकारी वस्तू. दव पडतं, मांजरं फिरतात. सकाळी पूजा झाली की पुन्हा पेटीत. हात लावू नका असं ती म्हणाली होती, पण ते वेंधळ्या लोकांसाठी असतं. मला मॅट्रिकला शास्त्रात एकसष्ट होते.

८ मार्च, रविवार
मुलाचा फोन. त्याला सांगितलं, मी रेडिएशनचं काम घेतलंय. तो म्हणाला, काय घेतलंयस? मी म्हटलं, बेडूक. तो म्हणाला, आई, मीटिंगमध्ये आहे, करतो नंतर. रविवारीसुद्धा मीटिंग. फार वर गेलाय.
बेडूक: दहा.

१९ मार्च, गुरुवार
ती १०.२० ला आली. मी वाट बघत नव्हते. फाटकाची कडी घासत होते, नऊपासून. फार गंजली होती.
नको नको म्हणत दोन कप चहा घेतला. कामापुरतंच बोलले. आई कुठे असते, खोलीवर पाणी येतं का, दुपारी जेवते कुठे, घरचे लग्नाचं काय म्हणतात. पन्नास मिनिटं झाली, पण सगळं कामाचंच. उपाशी माणूस मोजमाप काय करणार?
तिनंही समजावून सांगितलं. जगातला प्रत्येक जीव मोजता येत नाही, म्हणून बेडूक, गांडूळ, मधमाशी, बदक असे काही ठरवून घेतात. त्यांना तासाला किती मिळतं ते काढायचं. एक पातळी ठरलेली आहे. त्याखाली असलं की काळजी नाही, वर गेलं की खोलात शिरायचं. म्हणजे आमचे बेडूक सगळ्या बेडकांच्या वतीनं बसलेत. ती गेल्यावर हौदाशी जाऊन त्यांच्या कानावर घातलं.

२७ मार्च, शुक्रवार
शेजारचे पोस्टमास्तर भिंतीवरून बघत होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, घरात एकटेच. म्हणाले, वहिनी, बेडकांची रोज हजेरी घेता, गैरहजर असला तर पगार कापता का? मी म्हटलं, हे सायन्स आहे. ते म्हणाले, आमच्या टबात पण दोन आहेत, बिनपगारी ओरडतात.
एकटेपणानं माणसाची जीभ सैल होते. मला कीव आली. तासभर भिंतीशी उभी राहिले, केवळ त्यांच्यासाठी.

२ एप्रिल, गुरुवार
बॅज बदलला. जुना तिनं पाकिटात घातला. त्यावर राखाडी ठिपका होता. म्हणाली, काकू, हे काय? मी म्हटलं, धूळ असेल. उदबत्तीची राख ही धूळच.
पंचेचाळीस मिनिटं. पुढच्या वेळी थोडं आधी ये म्हटलं, उन्हाचा त्रास नको.
संकल्प: इंग्रजी शब्द रोज पाच पाठ करायचे. आजचे: फ्रॉग. बाकीचे उद्या.

१६ एप्रिल, गुरुवार
निकाल लागला. आमच्या हौदाचा आकडा बाकीच्या अकरा जागांच्या जवळजवळ दुप्पट. बाराजणांत पहिला नंबर. मॅट्रिकनंतर काही निकाल लागायची ही पहिलीच वेळ.
मुलगी मात्र गंभीर होती. म्हणाली, काकू, धोक्याच्या पातळीपासून आपण खूप लांब आहोत, घाबरू नका, पण इथेच एवढं का हे शोधायला हवं. आता मोठे साहेब येतील. मी म्हटलं, कितीजण? कप तेवढे काढते.

२३ एप्रिल, गुरुवार
साहेब धरून चारजण. ह्यांना नेलं त्यानंतर दारात एवढ्या चपला आज दिसल्या. खुर्च्या पुरेनात, पोस्टमास्तरांकडून आणल्या. त्यांनी खुर्च्यांबरोबर स्वतःलाही आणलं.
हातातलं यंत्र घेऊन सगळे हौदाभोवती फिरले. यंत्र काही जास्त दाखवेना. साहेब गोंधळले. म्हणाले, बॅजमध्ये आहे आणि हवेत नाही, मग गाळात असेल, नाहीतर बेडकांच्या अंगात. मला विचारलं, बाई, पेटीला कोणी हात लावतं का? मी म्हटलं, परक्याला मी परसात पाऊल टाकू देत नाही. यात एक अक्षर खोटं नाही.
मुलगी जाताना म्हणाली, आता दर आठवड्याला यावं लागेल बहुतेक. मी म्हटलं, विज्ञानासाठी सोसायचं.

३० एप्रिल, गुरुवार
दुसरा बॅज नेला, तिसरा लावला. मग पहिल्यांदाच आपणहून खुर्ची ओढून बसली. १४ मेला येऊन हौदातला गाळ काढणार आणि बारा बेडूक नेणार. मी म्हटलं, परत कधी सोडणार? तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, काकू, परत नाही. वाळवून त्यांची राख करावी लागते, मगच आत किती आहे ते कळतं.
बेडूक आहेत चौदा.
मी विषय बदलला. म्हटलं, हे रेडिएशन अजून कशाकशात असतं? म्हणाली, सगळीकडेच थोडं असतं. मातीत, भिंतीत. ग्रॅनाइटमध्ये जरा जास्त. तुमच्या स्वयंपाकाच्या ओट्यातही असेल, त्यानं माणसाला काही होत नाही, पण आमच्या बॅजला समजतं.
ओटा बसवताना उरलेला तुकडा फुकट का घालवा, म्हणून ह्यांनी तो देवाखाली बसवला होता. तिला सांगायचं राहिलं. दूध उतू जात होतं.

१ मे, शुक्रवार
शांतपणे विचार केला. बॅज दगडावर असायचा फक्त रात्री. तेरा तास म्हणजे काही दिवसभर नव्हे. शिवाय देवाच्या जागेचं कोणाला वाईट कसं लागेल? कारण दुसरंच असणार. साहेब शिकलेले आहेत, शोधतील.

२ मे, शनिवार
बॅज काल बाहेरच ठेवला. दव पडलं. काही झालं नाही त्याला.

४ मे, सोमवार
तिला फोन केला. लागला नाही. म्हणजे रिंग वाजायच्या आत मी ठेवला.

६ मे, बुधवार
सांगितलं तर सातवी जागा कापतील. माझं काही नाही, आपलं घर बरं, आपला देव बरा. त्या मुलीचं वाटतं. दोन महिन्यांची मेहनत तिची. बोलणी कोण खाणार?
बारा गेले तरी दोन उरतात. दोघांपासून पुन्हा होतात.

८ मे, शुक्रवार
बेडूक: चौदा. मी काही त्यांच्यात गुंतलेली नाही. डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्याला नावही ठेवलेलं नाही. नुसती हाक मारते.
आज बाराजण कुठले धरतील ते बघत बसले. मोठा पहिला सापडेल. तो पळतच नाही, माणसाची सवय लागलीय. कुणी लावली कोण जाणे.

१० मे, रविवार
मुलाला विचारायचं ठरवलं होतं. विमानतळावर होता. तीन मिनिटं. तब्येत बरी आहे का, बरी आहे.
मग देवाला विचारलं. देव त्याच दगडावर बसलेला, तो काय बोलणार.

१३ मे, बुधवार, सकाळी ८.१५
मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. दिवेलागण, देव, दगड.
मग म्हणाली, रोज? मी म्हटलं, रोज. पहिले दोन महिने एकही दिवस चुकवला नाही.
म्हणाली, काकू, पण का? मी म्हटलं, भिजेल म्हणून. म्हणाली, ते समजलं. साहेबांनी समोर विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?
त्याचं उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

१४ मे, गुरुवार
जाळं आणलं नाही. पक्कड आणली. पेटी काढली, बॅज पाकिटात घातला. आमचे दोन्ही महिन्यांचे आकडे रद्द. अहवालात एवढंच येणार: जागा क्रमांक सात, वगळली.
साहेब बोलले का, विचारलं. म्हणाली, थोडंसं. रागावली नव्हती. रागावली असती तर बसली तरी असती. गाडी चालूच होती. फाटकातून म्हणाली, काकू, बेडूक वाचले ना तुमचे, मग झालं तर.
सगळी मिळून आठ मिनिटं.

१५ मे, शुक्रवार
आता मोजायची गरज नाही. सकाळ केवढी मोकळी मिळाली. संकल्प: कपाटं आवरायची, पोथी रोज दोन अध्याय, इंग्रजी शब्द दहा.
बेडूक: चौदा.

२१ मे, गुरुवार
एक अध्याय झाला. कपाट उघडलं, बंद केलं.

२८ मे, गुरुवार
सव्वादहाला गाडीचा आवाज. मी फाटकाशी सहज होते. मुलगी उतरली, हात हलवला आणि शेजारी गेली. पोस्टमास्तरांचा टब घेतलाय म्हणे. दोन बेडकांचा.
थोड्या वेळानं पोस्टमास्तर भिंतीशी आले. म्हणाले, वहिनी, चहाची पूड आहे का? ती बसलीय आणि आमचा डबा रिकामा निघाला. पूड दिली. साखरही दिली, ती दोन चमचे घेते ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्हीच या की करायला, गप्पा होतील.
मी म्हटलं, नको, मला काम आहे.
आत येऊन बसले. भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येत होतं. काम काही नव्हतं.