डॉक्टरांचं ‘कदाचित’

नांदेड, गुरुवार, १४ नोव्हेंबर

क्लासवरून आले तर बाबा ओट्यावर बसलेले, गुडघा सोललेला. एकटेच चालायला गेले होते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि तोंडावर पडले. माय हळूच म्हणाली, "कितीक दिस झाले, गोळ्याच घेत न्हाईत."

मी ओरडलेच. बाबा म्हणाले, "तूच म्हणलीस ना, चालल्यानं बरं हुतंय? मग गोळ्या कशाला? रोज चालून राहिलो की."

डॉक्टर असं म्हणालेच नव्हते. बाबांचा कंपवात जाणार नाही, पण रोजच्या व्यायामाने मेंदूला कदाचित आधार मिळेल, आजार सावकाश वाढेल, एवढंच म्हणाले होते. आमच्या घरात डॉक्टरांचं बोलणं मला एकटीला कळतं. बाबांनी हुरूप धरावा म्हणून मी ते ‘कदाचित’ गाळलं. तेवढंच गाळलं का? गोळ्या चालूच ठेवा, हे डॉक्टरांचं बोलणं तरी मी बाबांना सांगितलं होतं का? आठवत नाही.

भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "डॉक्टरीणबाई, बापाला कवायत लावून पाडलंस की!"

मग बाबांना सगळं खरं सांगितलं. आजार जाणार नाही. गोळ्याही घ्यायच्या, चालायचंही. उद्यापासून मी सोबत येते. त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि विचारलं, "हे डॉक्टर म्हणले, का तूच?"

"डॉक्टरच म्हणाले," मी सांगितलं. गोळी अजून मुठीतच आहे.