हौदावरची कळशी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

लातूर, ता. ६ एप्रिल १९८६

चि. सौ. नीलास शिवगंगाताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. खुशाल कोणी नाही आणि त्याला कारण तू आहेस.

दिवाळीच्या सुट्टीत माझी महादेवी तुझ्याकडे धाडली ती हे शिकायला? वितीने खाट मोज, मुठीने ज्वारी मोज, तांब्याने बादली मोज. परवा मामंजी झोपले असताना त्यांचं धोतरसुद्धा मोजून झालं. तिथवर मी हसले.

लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर आला, नळाला पाणी मात्र आलं नाही. टँकर आमच्या हौदात रिकामा होतो आणि मामंजी गल्लीला माणशी एक घागर वाटतात. आपलं घरही मोजूनच घेतं, याचा त्यांना मोठा अभिमान. गल्लीच्या टोकाला सरजाबाई राहतात, नवरा नव्या कचेरीत कारकून. ते बौद्ध, म्हणून त्यांना मी वेगळ्या जुन्या कळशीने, भांड्याला न टेकवता वरून ओतायचं, ही आमच्या घरची रीत. काल तुझ्या शिष्येने भरलेली कळशी घागरीत ओतून बघितली. घागर भरायला वर तीन तांबे लागले. रांगेत सगळ्या बाया उभ्या, आणि ही मोठ्याने सांगून मोकळी, की सरजामावशींना माणशी तीन तांबे कमी मिळतात.

मामंजी लालेलाल. म्हणाले, कळशी काय न् घागर काय, दोन्ही सारख्याच, पोरीला मोजायचं कळत न्हाई, खोटारडी हाय. तिच्या पाठीत धपाटा, मला चार शब्द, आणि उन्हाळ्यात तुझ्याकडे मुदखेडला येणं बंद. पोर कालपासून नीट जेवलेली नाही. तू डोक्यात भरवलंस, तूच उतरव. मोजण्यात चूक झाली असं तिला लिहून कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
शिवगंगा

मुदखेड, ता. ११ एप्रिल १९८६

ती. सौ. ताईस शि. सा. शरणार्थ. पत्र मिळालं. वाचून इतका संताप झाला की दुसऱ्या दिवशी लिहायला बसले.

महादेवी आली तेव्हा लिटर म्हणजे हजार मिलिलिटर हे घडाघडा म्हणायची, पण आमच्या दुधाच्या लोट्यात किती मावतं ते विचारलं की गप्प. म्हणून तिच्या हातात तांब्या दिला. पहिला धडा एवढाच, की मधेच माप बदलायचं नाही. माझ्या वितीने आणि तिच्या वितीने तीच खाट लहानमोठी होते, हे तिने स्वतः वाकून पाहिलं. आता तिला काय लिहू? माप घर बघून बदलतं म्हणून?

तुमच्या हौदावर जातपात मोडा म्हणणाऱ्या बसवण्णांची तसबीर आहे. तिच्याखाली ही कळशी. आणि ताई, ओतणारा हात तुझाच असतो. मला मामंजींचा राग कमी आला, तुझा जास्त. चूक झाली असं मी लिहिणार नाही. लेकराला खोटारडी म्हटलं ते आधी परत घ्यावं.

थोरांना नमस्कार, मामंजी सोडून.
नीला

लातूर, ता. २० एप्रिल १९८६

चि. सौ. नीलास आशीर्वाद, या खेपेला थोडे कमी. थोरल्या बहिणीला असं लिहितात का? तुझं पत्र चुलीत घालणार होते.

काल टँकर आला. मामंजींनी नेहमीसारखी कळशी माझ्या हातात दिली. मी रांगेसमोर विचारलं, दोन्ही सारख्याच ना? ते हाव म्हणाले. मग सरजाबाईंना घागरीने घातलं, त्यांच्या हंड्याला टेकवून, आणि आमच्या घरच्या पाण्याला कळशी लावली. सरजाबाई हंडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मामंजींनी डोळे वटारले, पण चारचौघांत दिलेला शब्द फिरवणार कसा?

आज सकाळी मामंजींच्या अंगाला साबण तसाच आणि बादली रिकामी. मोरीतून ओरडले, पाणी कमी कसं काय पडलं. मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले. महादेवी भरलेला तांब्या घेऊन दाराशी गेली आणि अदबीने म्हणाली, आजोबा, बरोबर आहे, तीन तांबे कमी आहेत. दार किलकिलं झालं, तांब्यासाठी हात बाहेर आला. पोरीने तांब्या दिला नाही. आधी विचारलं, मला मोजायचं कळतं ना?

आतून हळूच हाव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात हिला यांच्याबरोबर नांदेडच्या एसटीने धाडते, स्टँडवर घ्यायला ये. राग संपला की लोभ कर, नाहीतर दोन्ही कर.

तुझी ताई