डाव्या हाताचा हैबती

सांगवी,
२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
जयमालाचा शि. सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही की फोन नाही, याबद्दल आधी माफी मागते. कारण द्यायला गेले तर अर्धवट खरं लिहीन, म्हणून ते राहू दे. शाळेच्या ग्रंथालयातून घरी आलं की आईचं पाहते, आणि ते झालं की कुणाशी बोलायची ताकद उरत नाही. मशीनच्या आवाजाने तुझे कान गेलेले, त्यामुळे फोनवर मला ओरडावं लागतं आणि शेजाऱ्यांना वाटतं आपण भांडतोय. म्हणून पत्र. विलास चाकणला कंपनीत जातो तो भोसरीवरूनच. टपाल पोचवायला तुझा हा मेहुणा तयार आहे, फक्त वहिनींच्या हातचा चहा मिळाला पाहिजे म्हणतो.

आईचं तुला माहीत आहेच. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले ते गेले. दिवसभर खुर्चीत बसून असते. भाजी कुठली केली तेही विचारत नाही.

तू पाठवलेलं पुडकं परवा उघडलं. कागद सोडवता सोडवता ओळखलं, आपला हैबती! लहानपणी गावच्या जत्रेत पडद्यावर पाहिलेल्या ‘काळकड्याचा पहारेकरी’ सिनेमातला. वीतभर उंची, पटका, पीळदार मिशा, हातात गोफण, आणि हात चक्क खांद्यात फिरतो. सेहेचाळीस वर्षांची मी, ग्रंथालयात पोरांना गप्प बसवणारी, फरशीवर बसून गोफण फिरवत होते.

मग आईच्या हातात दिला. तिनं पटका चाचपला, मिशा चाचपल्या आणि हसली. कितीतरी दिवसांनी. मग बोटं गोफणीपाशी थांबली. म्हणाली, ह्यो हैबती न्हाई, त्याची गोफण डाव्या हातात व्हती. आणि बाहुला माझ्या मांडीवर ठेवून दिला.

हे तुला कळवावं का, यात दोन दिवस गेले. पण तू विचारणार, आणि खोटं मला नीट जमत नाही. शिवाय मलाही डावाच हात आठवतो. मी मातीचा हैबती केला होता, तू त्याचा हात मोडून दुसऱ्या बाजूला चिकटवलास आणि आख्ख्या आळीत मला खोटारडी ठरवलंस, आठवतं? तेव्हा मी मान्यही केलं होतं की माझंच चुकलं.

तू कधी येतोस? लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, आहे तेवढा राहू दे.

तुझी,
जयमाला


भोसरी,
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
गोरक्षचे अनेक आशीर्वाद.

विलासरावांनी चहा दोनदा घेतला. पत्र मी तीनदा वाचलं.

हैबती का केला ते सांगतो. बारा वर्षांमागे एका एक्सपोर्टवाल्याचं काम आलं होतं. परदेशी सिनेमातल्या वीरांच्या प्लास्टिकच्या बाहुल्यांचे हात साच्यातून पाडायचे. फक्त हात. धडं दुसऱ्याकडे, मुंडकी तिसऱ्याकडे. सहा महिने मी नुसते हात पाडले. तेव्हा डोक्यात आलं, यांच्या एकेका सिनेमाची वीस-वीस खेळणी, मग आमच्या हैबतीनं काय घोडं मारलंय? गडाच्या दारात एकट्यानं शंभर जण अडवणारा गडी! आपल्याला जत्रेत काय मिळायचं, तर पिपाणी, न चालणारं घड्याळ, आणि कुठल्याच सिनेमातला नसलेला प्लास्टिकचा पैलवान.

मी करायच्या खेळण्यांची यादी केली होती, जॉबकार्डाच्या मागे. हैबतीच्याच सिनेमातला, डोळ्यावरची पट्टी निघेल असा देशमुख. तिखटाची परडी घेऊन बुरुजावर चढणारी अक्का. आणि तू ज्याला घाबरून घरी आल्यावरही आईच्या पदरात शिरायचीस तो सिनेमा ‘भुताची मुक्कामी गाडी’, त्यातली एसटी चावीवर चालणारी, खिडकीतून कंडक्टर भुताचं डोकं बाहेर काढणारी. गाड्यांच्या क्लिपा पाडण्यात वर्षं गेली. यादी राहिली.

आता मालकाला गाळ्याचं गोदाम करायचंय. पंधरा तारखेला हँड मोल्डिंगचं मशीन उचलतील. हैबती हा शेवटचा साचा. रोज गाळा बंद करताना फळ्यावर उद्याचं काम लिहायची आबांची पद्धत मी चालू ठेवली होती. आठवडा झाला, फळा कोरा आहे.

हात उजवाच होता. मी पहिल्या ओळीत आबांच्या मांडीवर बसलो होतो, मला पक्कं माहीत आहे. पण आईचं दुखणं हाताचं नाही. मागल्या डिसेंबरात ती माझ्याकडे होती. म्हणाली, दिव्याभवती कडं दिसतंय. मी म्हणालो, एवढी डिलिव्हरी जाऊ दे, मग दाखवू. ती गेली, दुसरी आली. जुलैत दाखवलं तेव्हा दाखवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिनं बाहुला नाही, मलाच परत केलंय. मी येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?

तिला वेळेवर जेवू घाल. हे सांगायचाही मला हक्क नाही, तरी सांगतो.

गोरक्ष


सांगवी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

तू लिहिलंस, पहिल्या ओळीत आबांच्या मांडीवर. ते वाचताना वाटलं, मग मी कुठे होते? आईला विचारलं. ती सहज म्हणाली, आमी बाया माघारी, पडद्याच्या पल्याड, पिंपळाखाली. म्होरल्या अंगाला समदी बापयमाणसं. मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, कुनी इचारलं का?

तरी माझी खात्री पटेना, तुला माझा स्वभाव माहीत आहे. पातळ ओढणी घेतली, स्केचपेननं हैबती काढला, गोफण उजव्या हातात, वर नाव लिहिलं. बाल्कनीतल्या दोरीवर टाकली आणि मागे जाऊन उभी राहिले. गोफण डाव्या हातात. नावाची अक्षरं उलटी.

अक्षरं पाहिली आणि एक गोष्ट आठवली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी पडद्यावर सिनेमाचं नाव आलं, आई म्हणाली, वाच की गं. मी दुसरीत होते, वर्गात पहिली, आणि मला एकही अक्षर वाचता आलं नाही. आईला काहीतरी ठोकून दिलं. त्यानंतर हाताचं भांडण झालं, तेव्हा तूच खरा असणार असं धरून चालले. आजही कुलूप दोनदा ओढून बघते, गॅस तीनदा. ते तिथूनच आलं असं म्हणणं फार सोयीचं होईल, म्हणून म्हणत नाही. पण ओढणीमागे मला रडू आलं.

दादा, तू खरं पाहिलंस, आम्हीही खरं पाहिलं. आईनं तुला परत केलेलं नाही. तिनं तिच्या बाजूनं पाहिलेला हैबती मागितला.

आता दुसरं, जास्त अवघड. डिसेंबरात तिनं ते कडं मलाही सांगितलं होतं, फोनवर. मी म्हणाले, चष्मा बदलून घे. पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती. तुझ्यावर राग धरून बसले, कारण तो उतरला असता तर माझ्यावर यावं लागलं असतं. तीन महिने न लिहिण्याचं खरं कारण हे.

ती तुला माफ करेल का, ते मी तुझ्या वतीनं विचारणार नाही. ते तुझं तू विचार. विलास घरी आला की मात्र ती रोज एकच विचारते, गोरख्या जेवला का.

पुढचं पुडकं विलासच्या हाती पाठवू नकोस. माया आहे की नाही याची शंका तुझ्या मनात असेल तर ती काढून टाक.

तुझी,
जयमाला


भोसरी,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

मशीन आज दुपारी गेलं. चौघांनी टेम्पोत चढवलं. मी पाचवा हात लावला नाही, दम नव्हता.

त्याआधी हैबतीचा साचा नव्यानं केला. मला वाटलं होतं नुसता हात फिरवला की झालं. नाही. पटक्याचा शेमला, खांद्याची खोबण, मिशीचा वरचा पीळ, सगळंच त्या बाजूनं बघावं लागलं. गल्लीतल्या न्हाव्याकडून आरसा आणला, तर तो म्हणाला, म्हातारपणी मिशा कोरताय काय राव. सात नग पडले, पाच फुकट गेले. दोन चांगले आहेत. एक आईचा. एक तुझा, पण मातीच्या हैबतीची भरपाई म्हणून नव्हे. तो मी मोडला तो मोडलाच. आळीत खोटारडी म्हणालो तेही चुकलंच.

चष्म्याचं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. त्यात वाटणी करता येत नाही गं. माझं मी तिला सांगेन. रागावली तर रागावू दे.

विलासराव घरी परतताना हे पत्र घेऊन जातील. मी जेवलो म्हणून आईला सांग. खरंच जेवलोय, तुझी वहिनी साक्षीला आहे.

घरच्या सर्वांस नमस्कार. जीव लाव, रागव, पण लिहीत जा.

गोरक्ष

ता. क. गाळ्यात आता फक्त फळा राहिलाय. कोपऱ्यात खडूचा तुकडा सापडला. उद्याचं काम लिहून मगच शटर ओढलं: सांगवीला जाऊन आईच्या बाजूला बसणे.