भांडणाचा सराव

सोमवार, ४ मार्च

उजवा हात चालतोय! डावा हात, डावा पाय आणि तोंड, तिघंही संपावर गेलेत, पण हा गडी कामावर हजर. तोंडातून काय निघतं ते कुणालाच कळत नाही. कागदावर मात्र मी पूर्वीसारखीच वटवट करू शकतो, हे आज समजलं. बरं वाटलं.

मी पी.टी.चा मास्तर. मैदानावर कधी लाऊडस्पीकर लागला नाही मला. आणि आता पाणी मागितलं तर लोक पंखा लावतात!

मंगळवार, ५ मार्च

मोठ्या डॉक्टरांची फेरी. माझ्या खाटेशी उभे राहून हिला विचारतात, "झोप लागली का पेशंटना? चिडचिड नाही ना करत?" अहो, मी इथेच आहे! पाय गेलाय, कान शाबूत आहेत!

ही म्हणाली, "नाही हो. अगदी शांत आहेत."

शांत! मी! शेजारच्या खाटेवर एक टेलर आहे, त्याच्या मांडीचं हाड मोडलंय. तोसुद्धा हसला.

खरी काळजी मला हिचीच वाटते. ही गणिताची बाई, आम्ही दोघं एकाच शाळेत. लग्न झाल्यापासून आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. मला खिडकी उघडी लागते, हिला बंद. मी हिला बावळट म्हणायचं, हिने मला त्याहून मोठ्याने बावळट म्हणायचं, मग चहा. असा आमचा संसार. आता काहीही केलं तरी "हो हो", "बरं बरं", "तुम्ही म्हणाल तसं". आज मुद्दाम खुणा करून खिडकी सताड उघडायला लावली. उघडली! आणि शाल गुंडाळून बसून राहिली.

डॉक्टर हिच्या कानात काहीतरी बोललेले दिसतात. मी काही यातून उठत नाही बहुतेक.

बुधवार, ६ मार्च

भोपळ्याचं सूप. काल पण भोपळ्याचं सूप. मी जन्मात भोपळा खाल्लेला नाही.

गुरुवार, ७ मार्च

आज एक नवीन बाई आली. बोलायला शिकवणारी. मी तिचं नाव वाचाबाई ठेवलंय. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "इथून घरी जाताना तुम्हाला काय परत मिळालेलं हवंय?" मला विचारलं! हिला नाही!

मी म्हणालो, भांडण. निघालं "हांडन".

"हंडा?" ही म्हणाली. "अहो, इथं हंडा कशाला?"

वाचाबाईने हिला हातानेच थांबवलं. "त्यांना सांगू दे. आपल्याला घाई नाही."

आणि खरंच थांबली. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा म्हणालो, घाम फुटला. शेवटी उजव्या हाताने लिहून दाखवलं. वाचाबाई इतकी हसली की टेलरने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. म्हणाली, "ठरलं! आपण तुम्हाला भांडता येईल असं करू. भांडताना सगळ्यात जास्त कुठला शब्द लागतो?"

बावळट, दुसरा कुठला!

शब्द फार आवडला तिला. म्हणे ब-ला ओठ मिटावे लागतात, ळ-ला जीभ वळवावी लागते, तुमचं जे जे बिघडलंय ते ते सगळं या एका शब्दात आहे. ही मात्र हसली नाही. पिशवी आवरत बसली.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसभर बावळट. आरशात बघून बावळट. ब गळून पडतो, ळ-चा ड होतो, ट-चा त. निघतं काय, तर "आवडत".

धीर करून हिला म्हणालो. ही वाडगा घेऊन उभी होती. "आवडतं? आवडतं होय!" म्हणाली आणि आणखी एक पळी सूप वाढलं.

शनिवार, ९ मार्च

पुन्हा म्हणालो. पुन्हा सूप! टेलर म्हणतो, "मास्तर, गप्प बसा, नाहीतर भोपळा संपेल बाजारातला." त्याला बोलायला काय जातंय. त्याच्या बायकोने धिरडी आणली होती.

सोमवार, ११ मार्च

वाचाबाईने आज मोठ्या डॉक्टरांना पण बसवलं. तेही खुर्चीवर, माझ्यासमोर! पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सरळ दिसला. चांगला आहे माणूस. मला म्हणाले, "काय म्हणतोय सराव?" मी बावळट म्हणून दाखवलं. "मलाही आवडतं," म्हणाले.

मग वाचाबाई हिच्याकडे वळली. "आणि तुम्हाला काय हवंय?"

हिला कुणी विचारेल असं हिच्या ध्यानीमनी नव्हतं. आधी "काही नाही" म्हणाली. मग एकदम बांध फुटला. "त्या सकाळी आम्ही खिडकीवरून भांडत होतो. मी फार बोलले. आणि हे बोलता बोलताच खाली बसले. मी भांडले नसते तर..."

म्हणजे हे होतं तर! आणि मी आपला मनातल्या मनात तेरावा उरकून बसलो होतो!

डॉक्टर सावकाश म्हणाले, "बाई, डोक्यातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. ती तुमच्या भांडणाने आली नाही. आणि यांची तब्येत सुधारतेय." हिने मान डोलावली. पण वर्गात न समजलेली पोरं अशीच मान डोलावतात, मला माहीत आहे. हे मलाच सांगायला हवं.

बुधवार, १३ मार्च

बावळट बंद. आता नवा सराव: "तुझ्यामुळे नाही." यातही म आणि ळ, दोन्ही दुश्मन! "तुझ्याउडे" निघतं. वाचाबाई म्हणते, ओठ मिटा, पण घाबरून मिटू नका. टेलर मला साथ देतो. दोन खाटांवर दोन म्हातारे, "मुळे, मुळे, मुळे". नर्स म्हणाली, भाजीवाले आले वाटतं!

शुक्रवार, १५ मार्च

संध्याकाळी ही उशी सारखी करत होती. मी हिचा हात धरला. म्हणालो.

म आला. ळ अर्धाच आला. हिला कळलं. उशी तशीच हातात धरून रडली, मग मी पण. टेलर भिंतीकडे तोंड करून झोपला, खोटं खोटं घोरत होता. भला माणूस आहे.

शनिवार, १६ मार्च

सकाळी खिडकी उघडी. हिने खाडकन लावली! मी सगळा जीव ओठांत आणून ओरडलो, "बावळट!" ब आला! ळ पण आला!

ही गर्रकन वळली. "ओरडताय काय? पहिल्या 'आवडत'पासून कळत होतं मला काय म्हणताय ते!"

आँ? मग ते सूप?

"तोंडाने भांडायची भीती वाटत होती. भोपळ्याने भांडायला काय जातंय? बावळट!"